अधिकारी गॅलरीतली चिठ्ठी

‘हे खरे आहे काय?’ हे वाक्य मी नोकरीत जितक्या वेळा वाचलं, तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल. विधानसभेतला लेखी प्रश्न याच शब्दांनी विचारतात. अमुक तालुक्यातल्या आयटीआयमध्ये वर्ष झालं शिकवायला माणूस नाही, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तरांचेही साचे ठरलेले असतात. ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’ आणि आम्हा कारकुनांचं सगळ्यात लाडकं, ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या भागाला ‘खरे नाही’ म्हटलं की खालचे सगळे भाग आपोआप झोपतात. एका ओळीत काम उरकतं आणि डबा खायला वेळ मिळतो.

नागपूरला, आयटीआय सांभाळणाऱ्या खात्याच्या विभागीय कार्यालयात मी होते. कारकून म्हणून लागले, अधीक्षक होऊन निवृत्त झाले. मधल्या बढत्या-बदल्यांत कुणाला रस असायचं कारण नाही, मलाही नाही. पण डिसेंबर आला की मला अजून चुटपुट लागते. डिसेंबरात अधिवेशन नागपूरला येतं. मुंबईचे साहेब लोक नवे कोरे स्वेटर घालून उतरतात, संत्र्याच्या पेट्यांची चौकशी करतात आणि आम्ही महिनाभर आधीपासून प्रश्नांची उत्तरं जुळवत असतो. फाइलीवर लाल चिठ्ठी लागते, ‘विधिमंडळ कामकाज, तातडीचे’. ती चिठ्ठी दिसली की मुलीचं लग्न असलं तरी रजा मिळत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, उत्तर मंत्री देतात. देतात खरे, उभं राहून, साऱ्या सभागृहासमोर. पण आमदाराचा प्रश्न मुंबईहून आमच्याकडे येतो, आम्ही संस्थेला विचारतो, संस्था माहिती पाठवते आणि उत्तराचा पहिला मसुदा लिहितं कोण? हुडकेश्वरहून सिटी बसने आलेली, थर्मासमध्ये चहा आणलेली कुणीतरी बाई. वर जाता जाता त्यावर सात-आठ सह्या होतात, पण शब्द बहुतेक वेळा तिचेच राहतात. आमच्या ह्यांना याची फार गंमत वाटायची. म्हणायचे, “काहून वं, सरकार चालवून राहिली का तू?” मी म्हणायची, “हे अंशतः खरे आहे.”

गॅलरीत मी पहिल्यांदा बसले तो दिवस मला लख्ख आठवतो. सभागृहात एका बाजूला अधिकाऱ्यांसाठी बाकं असतात, त्याला आम्ही अधिकारी गॅलरी म्हणतो. मंत्र्याला ऐनवेळी काही माहिती लागली तर तिथून द्यायची. अध्यक्ष आत आले आणि सगळे उभे राहिले. मंत्री उभे, विरोधक उभे, आमचे सचिव उभे. माझे बाबा गिरणीत होते. थंडीत अधिवेशनावर निघणाऱ्या मोर्चात पोलिसांनी लावलेल्या कठड्यापर्यंत जायचे, घोषणा देऊन बसलेल्या घशाने घरी यायचे. आत काय होतं ते त्यांना कधी पाहायला मिळालं नाही. त्यांची मुलगी आत बसली होती आणि तिच्यासमोर एक साध्या सदऱ्यातला माणूस उठून म्हणाला, “माझा सरकारला प्रश्न आहे.” आणि सरकार उठून उभं राहिलं. एवढा मोठा डोलारा, एवढे पोलीस, गाड्या, मांडव, आणि सगळं कशासाठी, तर एकाने विचारावं आणि दुसऱ्याला सांगावंच लागावं यासाठी. पुढे कितीही वर्षं गेली, तरी त्या क्षणाची मला सवय झाली नाही.

विचारणाऱ्यांतही एकेक नमुने. एक म्हातारे आमदार होते. त्यांच्या गावच्या शिवणवर्गाचं छप्पर गळायचं. दर अधिवेशनात ते तोच प्रश्न टाकायचे आणि आम्ही दर वेळी तेच उत्तर द्यायचो, ‘दुरुस्तीचा प्रस्ताव विचाराधीन आहे’. एका डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, ते छत्री घेऊन थेट माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, “बाई, विचार झाला का? नसंल झाला तर मी छत्री पोरींसाठी ठेवून जातो.” छत्री खरंच ठेवून गेले. ती मी साहेबांच्या खोलीत सगळ्यांना दिसेल अशी टांगून ठेवली. त्या वर्षी छप्पर झालं. मी हे हसत सांगते, पण जुनं उत्तर पुन्हा उतरवायची सवय मला तिथेच लागली होती आणि ती पुढे महागात पडली. मला नाही, दुसऱ्यांना.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असतानाची गोष्ट. तालुक्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या आयटीआयला संगणकावर चालणारी लेथ यंत्रं मिळाली होती. लोखंडाचा गोळा लावायचा, पाटीवरची बटणं दाबून मापं सांगायची आणि यंत्र तो केसाइतक्या अचूकतेने कापतं. जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना असं यंत्र येणारी मुलं हवी होती. पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका आमदारांनी प्रश्न टाकला. यंत्रं विजेअभावी बंद आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, त्यामुळे तिथल्या प्रशिक्षणार्थींना कारखाने शिकाऊ म्हणून घेत नाहीत, हे खरे आहे काय? असल्यास, वीजजोडणीसाठी निधी कधी देणार?

मी कपाट उघडलं. आदल्या वर्षीही याच यंत्रांबद्दल कुणीतरी विचारलं होतं आणि मीच उत्तर लिहिलं होतं, ‘यंत्रे स्थापित करण्यात आली आहेत’. सोबत प्राचार्यांच्या सहीचा, यंत्रं बसवल्याचा अहवाल होता. मी प्राचार्यांना फोन केला. ते म्हणाले, “काही बदल नाही मॅडम, मागचंच द्या.” मी मागचंच दिलं. भाग एक, हे खरे नाही. भाग दोन व तीन, प्रश्न उद्भवत नाही. चहा संपायच्या आत झालं. वर गेलं, सह्या झाल्या, छापलं गेलं.

प्रश्न सभागृहात यायच्या आदल्या दिवशी सकाळी एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. चाळिशीची, खांद्याला पिशवी, पायांत साधे बूट. म्हणाली, “मी रंजना गजभिये. त्या आयटीआयत निदेशक आहे.” निदेशक म्हणजे वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष काम शिकवणारी मास्तरीण. तिने छापील प्रश्नोत्तराचा मोबाइलवरचा फोटो माझ्यापुढे धरला.

“मॅडम, हे उत्तर कोणी लिहिलं?”

“मी.”

तिने मोबाइल पिशवीत टाकला. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “तुमी कधी आल्या नाही ना तिकडे. येता का आज? एसटी आहे, संध्याकाळच्या आत वापस याल.”

का गेले, ते मला नीट सांगता येणार नाही. तिने ‘खोटं’ हा शब्द वापरला नाही म्हणून असेल.

वर्कशॉपमध्ये तीन यंत्रं होती, जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेली. म्हणजे अहवाल खोटा नव्हता. पण त्यांच्यावरचं प्लास्टिक तसंच होतं, दारांच्या फटीतला थर्माकोलही निघाला नव्हता. रंजनाने सांगितलं ते असं. यंत्रांचा निधी एका योजनेतून आला, विजेचा दुसऱ्या योजनेतून यायचा होता. मार्चअखेर आली. यंत्रं बसवल्याचा अहवाल दिला नसता तर आलेला निधी परत गेला असता, म्हणून प्राचार्यांनी सही केली. विजेचा निधी आलाच नाही. संस्थेची जुनी जोडणी पंखे आणि ट्यूबलाइटपुरती, हे यंत्र लावलं की सगळ्या इमारतीचा फ्यूज उडायचा. वेगळी डीपी, म्हणजे यंत्रांपुरता स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

“मग पोरं शिकतात कशावर?” मी विचारलं.

रंजनाने भिंतीकडे बोट केलं. तिथे खोक्याच्या पुठ्ठ्यावर यंत्राची अख्खी बटणांची पाटी काढलेली होती, खऱ्या मापाची. प्रत्येक बटण, प्रत्येक आकडा, वर छोटा पडदा, स्केचपेनने रंगवलेला. बटणांवरचा रंग बोटं लागून लागून उडाला होता. एक मुलगा पुठ्ठ्यासमोर उभा राहून बटणं दाबत होता आणि मागे बसलेली पोरं मोठ्याने सांगत होती, आता यंत्र काय करेल. हत्यार पुढे आलं. गोळा फिरायला लागला. पाणी सुरू झालं. चुकीचं बटण दाबलं की सगळे म्हणायचे, “हत्यार तुटलं,” आणि तो गुमान मागे जाऊन बसायचा. कुणी हसत नव्हतं.

मोठमोठी सभागृहं पाहिली, पण त्या पुठ्ठ्यासमोर मला जे वाटलं ते निराळं होतं. सरकारने जे दिलं नाही, ते या लेकरांनी खोक्यातून कापून काढलं होतं, आणि किती गांभीर्याने.

“कोणी काढलं हे?”

“पल्लवी म्हणून पोरगी होती, मागच्या बॅचले. डोळे मिटून सगळी बटणं दाबत होती. कारखान्याच्या मुलाखतीत त्यांनी खऱ्या यंत्रासमोर उभं केलं, तिनं सांगितलं, मी चालू यंत्र पाहिलं नाही. नाही घेतलं. आता नागपूरजवळच्या वाडीले गोदामात खोके भरते.” रंजना पुठ्ठ्याचा सुटलेला कोपरा दाबून बसवत होती. “ह्या बॅचची मुलाखत उन्हाळ्यात आहे. तंवर लाइन आली तर ठीक, नाहीतर हेही वाडीले जातील.”

मागची बॅच. म्हणजे माझं पहिलं ‘स्थापित करण्यात आली आहेत’ तिच्याच वर्षातलं. तेव्हाच जाऊन पाहिलं असतं तर. परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर पाहत हाच हिशेब करत होते आणि तो काही केल्या जुळत नव्हता.

कार्यालय सुटायच्या आत मी आमच्या सहसंचालक साहेबांना गाठलं. साहेब भला माणूस, पण निवृत्ती माझ्याही आधी. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. “बाई, उत्तर छापून झालं. सभागृहात चुकीची माहिती दिली म्हणजे हक्कभंग येऊ शकतो, मंत्र्यांवर. मग खाली कुणावर येईल ते तुम्हाला ठाऊक आहे. आपला प्रश्न अकरावा आहे. तासाभरात पाच-सहाच्या पुढे गाडी जात नाही. पुकारलाच नाही तर छापील उत्तर तसंच नोंदीत जातं. शांत राहा.”

खरं होतं ते. प्रश्नोत्तराचा तास एकच तास असतो. वेळ संपली की उरलेले प्रश्न राहिले. छापील उत्तर मग खरं मानलं जातं, कायमचं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या शेजारी गॅलरीत बसले. पुढच्या बाकावर सचिव. पहिला प्रश्न कापसावर, त्यावरच अर्धा तास गेला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कळेना की मी काय मागत आहे. पुकारू नये म्हणून, की पुकारावा म्हणून? नोकरी वाचावी असं वाटत होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि दर दोन मिनिटांनी तो पुठ्ठा डोळ्यांपुढे येत होता.

मग नशिबाने भलतंच वळण घेतलं. सहावा प्रश्न राखून ठेवला गेला. सातव्याचे सदस्य गैरहजर, आठव्याचेही. नववा-दहावा झटपट झाले. तास संपायला सात मिनिटं होती आणि अध्यक्षांनी आमचा प्रश्न पुकारला. साहेबांनी माझ्याकडे न पाहता नुसता श्वास सोडला.

मंत्री उठून म्हणाले, “उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे.” नेहमीप्रमाणे. आता सदस्याने उपप्रश्न विचारायचा. ते नवे आमदार उठले. आवाज बारीक, हातात कागद नाही.

“अध्यक्ष महोदय, मंत्रिमहोदय म्हणतात यंत्रं बसवली आहेत. मी मान्य करतो. माझा एवढाच प्रश्न आहे, ती एक दिवस तरी चालली का?”

सभागृहात कुठेतरी कुजबुज झाली. मंत्र्यांनी मान वळवून गॅलरीकडे पाहिलं. ही नजर आम्ही सगळे ओळखतो. तिचा अर्थ, चिठ्ठी पाठवा. सचिव मागे वळले, साहेबांकडे. साहेब वळले माझ्याकडे. त्यांच्या हातात कोरी चिठ्ठी होती आणि डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं, ‘माहिती घेऊन कळवतो’ असं लिहा. त्याने कुणी मरत नाही. प्रश्न पुढच्या अधिवेशनात जातो, पोरं उन्हाळ्यात वाडीला जातात, एवढंच.

मी लिहिलं, ‘एकही दिवस नाही. वीज नाही. मी काल स्वतः पाहून आले. छापील उत्तर चूक आहे, ते मी लिहिले.’ गॅलरीतल्या चिठ्ठीवर कुणी सही करत नाही. मी केली.

त्या चिठ्ठीला मंत्र्यांपर्यंत तीन हातांतून जायचं होतं. साहेबांनी वाचली. त्यांचा अंगठा कागदावर तसाच राहिला. घडी घालून खिशात टाकली असती तर मी काय करणार होते? तिथे अधिकाऱ्याला तोंड उघडायची परवानगी नसते. पण साहेबांनी, कशाला खोटं बोलू, माझ्या सहीखाली आपलीही सही केली. सचिवांनी वाचली, मागे वळून माझा चेहरा नीट पाहून घेतला आणि पांढऱ्या गणवेशातल्या शिपायाच्या हातात दिली. शिपाई निघाला. तेवढं अंतर चालायला त्याला किती वेळ लागला असेल? मला तो अजून चालतच आहे असं कधीकधी वाटतं.

मंत्र्यांनी वाचली. पुन्हा वाचली. मग माइकजवळ झाले.

“अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्य म्हणतात ते खरे आहे. यंत्रे एकही दिवस चाललेली नाहीत. छापील उत्तर चुकीचे आहे, मी ते दुरुस्त करतो आणि वीजजोडणीसाठी निधी महिनाभरात देण्याचे आश्वासन देतो.”

अर्धे उठलेले विरोधक खाली बसले. ओरडायची तयारी सगळ्यांची असते, ‘खरे आहे’ ऐकायची कुणाचीच नसते. बारीक आवाजाचे आमदार नुसतं “आभारी आहे” म्हणून बसले. मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते. एसटीच्या तिकिटाएवढ्या कागदावर मी बॉलपेनने लिहिलेलं राज्याचं सरकार बोललं होतं. आणि ते खरं होतं, याचंच मला रडू आलं.

पुढचं रीतसर झालं. मला कारणे दाखवा नोटीस आली. प्रत्यक्ष खात्री न करता चुकीची माहिती सादर केली, हे खरे आहे काय, असा तिचा सूर. मी एका ओळीत उत्तर दिलं, ‘होय, हे खरे आहे.’ सेवापुस्तकात ताकीद लागली. आमचे हे म्हणाले, “इतक्या वर्षांत एक उत्तर खरं लिहिलं, त्याचं बक्षीस भेटलं तुले.” मी भांडले नाही. शेवटची दोन वर्षं मात्र मी कुठलंही जुनं उत्तर उतरवलं नाही. एसटीचे पास काढून संस्था पाहत फिरले. साहेब म्हणायचे, बाई उशिरा तरुण झाल्या.

मंत्र्यांचा महिना मार्चपर्यंत लांबला, पण डीपी आली. यंत्रं सुरू होणार त्या रविवारी रंजनाचा फोन आला, “मॅडम, या.” गेले. रविवारी का, ते तिथे कळलं. चालू बॅच सोमवारपासून शिकणार होती. पहिला दिवस रंजनाने मागच्या बॅचसाठी राखला होता. ज्यांना ज्यांना निरोप पोचला त्यांना तिने बोलावलं होतं. पाच जण आले होते. त्यांत एक बारीक चणीची मुलगी, वाडीहून सकाळची बस पकडून आलेली. गोदामातल्या चिकटपट्टीने तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. रंजना म्हणाली, “हे पल्लवी.”

मी रस्ताभर वाक्य जुळवत आले होते. ते म्हटलं. “पल्लवी, तुमच्या बॅचच्या वेळी विधानसभेत उत्तर गेलं होतं, यंत्रं बसवली म्हणून. ते मी लिहिलं होतं. न पाहता. माझं चुकलं.”

ती माझ्याकडे गोंधळून पाहू लागली. मग आदबीने म्हणाली, “कोणतं उत्तर, मॅडम? मले तर कोणी काही विचारलंच नव्हतं.”

आणि ती यंत्राकडे वळली. पाटीवर प्लास्टिक नव्हतं आता. तिने एकदा भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं.